दोन मार्कांनी हुकलेला हाडवैद्य

प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक तरी माणूस असतो, ज्याचं मेडिकल दोन मार्कांनी हुकलेलं असतं. आमच्याकडे तो मान माझा. हे वाक्य घरात पहिल्यांदा कोण बोललं ते आठवत नाही, पण मुंजी-बारशांत ते इतक्यांदा ऐकलं की पुढे मीही ते न अडखळता म्हणू लागलो. आकडाही कसा बेताचा आहे बघा. दहा मार्कांनी हुकलं म्हणावं तर लोक म्हणतात, अभ्यास केला नसेल. अर्ध्या मार्कानं म्हणावं तर विचारतात, पेपर पुन्हा का नाही तपासून घेतला? दोन मार्कांत हुशारीही शाबूत राहते आणि नशिबालाही बोल लावता येतो. माझं लग्न त्या दोन मार्कांवर जमलं. कांदेपोह्यांच्या वेळी ‘इंजिनिअर’ या शब्दावर सासऱ्यांनी नुसती मान हलवली होती. ‘तसं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं त्याचं’ हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या बशीत दुसऱ्यांदा पोहे वाढायला लावले.

पंचेचाळिसाव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या एका जानेवारीत, दारातलं बर्फ फावड्यानं उपसताना माझ्या कमरेत उसण भरली. मी काटकोनात घरात शिरलो. बायकोनं ज्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांच्या नावामागे एम.डी. नव्हतं, डी.ओ. होतं. मला वाटलं, घाईत अर्धा डॉक्टर पदरी पडला. त्यांनी मंडईत कलिंगड निवडावं तसा माझा एकेक मणका दाबून पाहिला. खुर्ची कसली आहे, झोप किती लागते, आई कुठे असते, तिची काळजी वाटते का, असं सगळं विचारलं. मग एक पाय दुसऱ्यावर टाकून असा काही पीळ दिला की ‘कट्’ आवाज आला आणि मी सरळ रेषेत घरी आलो.

त्या रात्री झोपलो नाही, वाचत बसलो. अमेरिकेत डी.ओ., म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, हा अर्धा नव्हे, पुरता डॉक्टर असतो. औषधं देतो, शस्त्रक्रिया करतो, पन्नासही राज्यांत त्याला तेच अधिकार. एम.डी.वाले शिकतात ते सगळं तो शिकतोच, वर सुमारे दोनशे तास हातांनी हाडं, सांधे, स्नायू तपासून उपचार करायला शिकतो. इतर देशांत ऑस्टिओपॅथ म्हणवणारे बहुधा डॉक्टर नसतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. डी.ओ.ची कॉलेजं अमेरिकेत चाळीसहून अधिक आहेत. पहाटे तीन वाजता मला साक्षात्कार झाला की माझे दोन मार्क वसूल करायची वेळ आली आहे.

सकाळी आईला सांगलीला फोन केला.

“आई, मी डी.ओ. व्हायचं म्हणतोय.”

“डिओ? ती तुझ्या भाचीकडे आहे की. लाल रंगाची.”

“स्कूटर नव्हे गं. डॉक्टर. हातानं हाडं, सांधे बघून...”

“म्हणजे हाडवैद्य.”

“हाडवैद्य नाही, पुरता डॉक्टर. शिवाय हाडवैद्य.”

“अरे, मग त्यासाठी अमेरिकेत कशाला शिकायचं? आपल्या कोपऱ्यावरचा हाडवैद्य चौथी नापास आहे. हात बसवतो झकास.”

प्रवेशाच्या अटी वाचायला घेतल्या आणि चौथी नापास असण्यातली सुटसुटीत सोय कळली. आधी चार वर्षांची पदवी हवी. ती होती. पदवी कशातलीही चालते, विषय मात्र ठरलेले: वर्षभराचं जीवशास्त्र, वर्षभराचं रसायनशास्त्र, पुन्हा वर्षभराचं सेंद्रिय रसायनशास्त्र, वर्षभराचं भौतिकशास्त्र, हे सगळं प्रयोगशाळेसकट. शिवाय इंग्रजी, आणि बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री. हे विषय अमेरिकेतल्याच कॉलेजात झालेले असावेत, असंही अनेक कॉलेजं म्हणतात. माझ्याकडे काय होतं? पहिल्या वर्षाची इंजिनिअरिंग केमिस्ट्री, तिच्यातलं पाण्याचा जडपणा काढणं तेवढं आठवत होतं. जीवशास्त्राच्या रकान्यात शून्य.

बायको मागे उभी राहून वाचत होती. “बारावीला मेडिकल दोन मार्कांनी हुकलं ना तुझं? मग बायोलॉजी कशी नाही?”

“कचरा टाकून येतो,” म्हणून मी उठलो. त्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार नव्हती.

मग मार्कलिस्टा. जिथे जिथे शिकलात तिथून थेट ट्रान्सक्रिप्ट यायला हवं, तुमच्या हातचं चालत नाही. मावसभाऊ माझ्या जुन्या कॉलेजच्या खिडकीवर तीनदा गेला. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते, दुसऱ्यांदा साहेब जेवून आले नव्हते, तिसऱ्यांदा साहेब होते पण शिक्का साहेबांच्या कपाटात आणि किल्ली घरी. चौथ्या खेपेला लखोटा निघाला. तो अमेरिकेतल्या मूल्यमापन संस्थेकडे गेल्यावर तिथून विचारणा आली: ‘हायर सेकंड क्लास म्हणजे कशापेक्षा हायर?’ हा प्रश्न माझ्या वडिलांनीही त्या वेळी विचारला होता. दुसरी शंका, ‘एटीकेटी हा विषय कोणत्या विभागाचा?’ मी कळवलं की तो विषय नसून अवस्था आहे. एम-थ्री या गणिताच्या पेपरची केटी मी तिसऱ्या फेरीत सोडवली होती आणि तो गड सर केल्याबद्दल हॉस्टेलनं मला खांद्यावर घेतलं होतं. इथे मात्र नियम कडक. पूर्वी या कॉलेजांच्या सामाईक अर्जात विषय पुन्हा घेतला की नवा ग्रेड जुन्याच्या जागी बसायचा, २०१७पासून सगळे प्रयत्न मोजतात.

शिफारसपत्रांची तऱ्हा निराळीच. शिक्षकानं पत्र स्वतः परस्पर पाठवायचं आणि उमेदवारानं ते वाचण्याचा हक्क सोडायचा. पुण्याला निवृत्त सरांना फोन केला. ते म्हणाले, “तू लिहून पाठव, मी सही करतो.” मी नियम सांगितला. सर दुखावले. “तू दाखवल्याशिवाय मी काय लिहिलंय ते मला कसं कळणार?” शेवटी त्यांनी स्वतः लिहिलं आणि वर त्याचा फोटो मलाच व्हॉट्सॲपवर पाठवला: ‘सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकत होते. त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. त्यांनी ग्रंथालयाची पुस्तके परत केली आहेत.’

सप्टेंबरात संध्याकाळच्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्राला नाव घातलं. वर्गात सगळी एकोणीस-वीसची पोरं. पहिल्या दिवशी मी शिरलो तशी निम्मी उठून नीट बसली, मास्तर आले म्हणून. प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण मला ‘सर’ म्हणायची. नोव्हेंबरात आमच्यापुढे ट्रे आला. त्यात डुकराचं न जन्मलेलं पिल्लू होतं, औषधाच्या उग्र वासात मुरलेलं. माझ्या कानात घणघण सुरू झाली. भिंत गाठली, टाइल्स मोजल्या आणि मला सांगलीचा बेडूक दिसला.

आता सांगायलाच हवं. अकरावीचं पहिलं डिसेक्शन. मेणाच्या ट्रेमध्ये क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक उताणा, चारी पायांना टाचण्या. मी कात्री लावली आणि त्याचा मागचा पाय हलला. फक्त एकदा, जरासा. पुढचं मला ठाऊक नाही; जागा झालो तेव्हा शिपाई माझ्या नाकाशी कांदा धरून बसला होता. दुसऱ्या आठवड्यात मी जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. अठराव्या शतकात बेडकाचा पाय हलताना पाहून गॅल्व्हानी विजेच्या मागे लागला, मीही लागलो. फरक एवढाच की तो पुढे सरसावला होता आणि मी पळालो होतो. बारावीला मी जीवशास्त्राचा पेपरच दिला नाही. मेडिकल दोन मार्कांनी नव्हे, शंभरच्या शंभर मार्कांनी हुकलं.

न्यू जर्सीत मी पळालो नाही, पण कापलंही नाही. जोडीदारणीनं कापलं, मी लेबलं लावली. नोकरीत वीस वर्षं हेच केल्यामुळे लेबलं फार सुबक झाली. मला ‘ए’ मिळाला.

त्या ‘ए’च्या जोरावर एमकॅटची सराव परीक्षा दिली. ही प्रवेशपरीक्षा मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास चालते. २३० प्रश्न असतात आणि गुण ४७२ ते ५२८. म्हणजे एकही उत्तर आलं नाही तरी ४७२ कुठे जात नाहीत. इतकी मायाळू परीक्षा आपल्या बोर्डानं कधी घेतली नाही. तिच्यात एक भाग नुसत्या उताऱ्यांचा, ९० मिनिटांत ५३ प्रश्न, ‘लेखकाला काय सुचवायचे आहे’ छापाचे. आपल्या मराठीच्या बाई विचारायच्या तेव्हा ‘मानवतेचा संदेश’ लिहिलं की दोन मार्क ठरलेले. इथे त्या अर्थाचा पर्याय हटकून चुकीचा असतो. मला एकूण ४८९ मिळाले. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी पाचशेच्या थोडी वर असते. आईनं फोनवर विचारलं, “कितीपैकी?” मी बेसावधपणे ५२८ म्हणालो. तिनं मनातल्या मनात भागाकार केला आणि संध्याकाळी आळीत ब्याण्णव टक्क्यांचे पेढे वाटले.

आणखी एक मोठी अट होती. डी.ओ. डॉक्टरच्या मागे राहून त्याचं काम पाहायचं आणि त्याचं पत्र मिळवायचं. बरीच कॉलेजं असं पत्र मागतात. माझी कंबर सोडवणारे डॉक्टर तयार झाले. नियम एकच: कोपऱ्यात उभं राहायचं आणि बोलायचं नाही. मराठी माणसाला यापेक्षा अवघड परीक्षा नाही. पहिल्या पेशंटनं “मान धरलीय” म्हणताच मी ओठ दाबले. दुसरी बाई म्हणाली, गुडघा दुखतो. मी म्हणालो, “माझाही, डावा.” तिसरे आजोबा म्हणाले, खांदा वर जात नाही. त्यांना मी निर्गुडीचा पाला कसा शेकायचा, तिळाच्या तेलात लसूण किती कढवायचा आणि वारा कसा टाळायचा, हे सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आत आले तेव्हा आजोबा पाल्याचं स्पेलिंग उतरवून घेत होते.

पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा निबंध मागितला. मे महिन्यात अर्ज खुले होतात, अर्ज येतील तशा जागा भरत जातात, म्हणून मी तो लिहूनच ठेवला होता. ५,३०० अक्षरांची मर्यादा असते, मोकळी जागाही अक्षर म्हणून मोजतात. विषय एकच: डॉक्टर का व्हायचंय? मी सुरुवात झोकात केली होती. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची तीन मुलं १८६४मध्ये मेंदूज्वरानं गेली. त्या काळची वैद्यकी त्यांना वाचवू शकली नाही, तिच्यावरचा त्याचा विश्वास उडाला आणि दहा वर्षांनी, १८७४मध्ये त्यानं ऑस्टिओपॅथी मांडली. १८९२मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. सनदेप्रमाणे एम.डी. पदवी देता येत असूनही त्यानं मुद्दाम डी.ओ. दिली.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. “हे त्याचं ‘का’ झालं. तुझं कुठे आहे?”

मी सवयीनं म्हणालो, “माझं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं.”

“कोणत्या विषयात?”

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांनी नाही, बायकोनं विचारलं तेव्हा मी कचरा घेऊन पळालो होतो. आमच्याकडे मार्कलिस्ट विचारतात, डोमिसाईल विचारतात, ‘का’ कुणी विचारत नाही. कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मी खाली मान घालून बेडूक सांगितला.

ते हसले नाहीत. म्हणाले, “हे लिही.”

घरी येऊन लिहिलं. बेडूक, टाचण्या, पाय, कांदा. मग बर्फ, उसण, कट्. सगळं खरं लिहून झालं तेव्हा नऊशे अक्षरं भरली होती. उरलेल्या चार हजार चारशे अक्षरांत काय घालावं, सुचेना. कंबर बरी झाल्याचा आनंद मी डॉक्टर व्हायची इच्छा समजून बसलो होतो. मग हिशेब केला. अजून दीडदोन वर्षं विषय पुरे करायचे, पुढे चार वर्षं कॉलेज, बऱ्याच ठिकाणी वर्षाला पन्नास हजार डॉलरहून जास्त फी, नंतर तीन वर्षं तरी रेसिडेन्सी. डॉक्टर होईन तेव्हा पंचावन्न उलटलेली असतील, मुलीचं आणि माझं शैक्षणिक कर्ज एकाच बँकेत, आणि कंबर पुन्हा धरलेली. मी अर्जाची खिडकी बंद केली.

आईला फोन केला. अर्ज भरला नाही हे सांगितलं आणि ओघात, तीस वर्षांनी, बेडूकही सांगितला.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “त्याच संध्याकाळी तुझे सर घरी येऊन सांगून गेले होते.”

“मग ते दोन मार्क?”

“मीच सांगितले लोकांना. चारचौघांत बेडकाचं काय सांगणार?”

थोडा वेळ दोघंही गप्प. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली.

“पाठ बरी आहे ना आता?”

“बरी आहे. पण आई, आळीत पेढे वाटलेस ना तू? आता कुणी विचारलं तर?”

तिला विचार करावा लागला नाही.

“दोन मार्कांनी हुकलं म्हणून सांगते.”