दोन घरचा पाहुणा

"वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण पाच मिनिटं थांबा. काल रात्री एक वाचलंय. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"आता कुणाचं काय झालं? आपल्या गल्लीतलं?"

"छे हो, अमेरिकेतलं. माणूस जाऊन सव्वाशे वर्षं होत आली. क्लॅरेन्स किंग म्हणून एक भूगर्भशास्त्रज्ञ."

"मग राहू द्या. मेलेल्या माणसाच्या कुचाळक्यांसाठी मी गॅसवरची आमटी नाही करपवायची."

"त्याच्या बायकोला तेरा वर्षं नवऱ्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं."

वहिनींनी हातातली डहाळी सोडली, पदराला हात पुसले आणि कुंपणावर कोपर टेकलं. "सांगा."

"पण पहिल्यापासून सांगणार, नाहीतर गंमत जाईल. १८४२ चा जन्म, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा. चांगल्या घरातला, दिसायला देखणा, निळे डोळे, आणि बोलायला बसला की चार माणसं भोवती जमलीच पाहिजेत. येलच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलमधून १८६२ साली शिकून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी मित्राबरोबर थेट कॅलिफोर्निया गाठला. तिथे जोसाया व्हिटनी राज्याचं भूगर्भ सर्वेक्षण करत होते. त्यांच्या हाताखाली हा बिनपगारी उमेदवार म्हणून लागला. आणि चार वर्षांत, पंचविसाव्या वर्षी, सरकारकडून स्वतःचं सर्वेक्षण मिळवून आला! चाळिसाव्या अक्षांशालगतचा सुमारे शंभर मैल रुंदीचा पट्टा, नव्या रेल्वेच्या वाटेवरचा. त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसं त्याच्या हाताखाली."

"गोड बोलून मिळवलं असणार."

"गोड बोलला हे खरंच, पण कामही चोख होतं. त्या दगडांचे, खनिजांचे जाडजूड ग्रंथ निघाले. थोडा मिरवायचा, एवढंच. ते माउंट व्हिटनीचं ऐका. याच्या तुकडीनं १८६४ साली सगळ्यांत उंच शिखर हेरलं आणि साहेबांचं नाव देऊन टाकलं. चढायला मात्र जमलं नाही. १८७१ मध्ये पुन्हा गेला, ढग होते, वर पोचला, झालं म्हणाला. १८७२ मध्ये पुस्तक काढलं, त्यात ती चढाई छापून मोकळा. पुस्तक गाजलं. आणि १८७३ मध्ये एकानं कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितलं, अहो, तुमचा किंग चढला ते शेजारचं शिखर!"

"अगंबाई!"

"तडक निघाला, सप्टेंबरमध्ये खऱ्या शिखरावर चढला. तर महिनाभर आधीच लोन पाइन गावाकडचे तीन मासेमारीला निघालेले गडी सहज वर जाऊन आले होते. वरातीमागून घोडं. त्यांनी तर शिखराचं नावही फिशरमन्स पीक करून टाकलं होतं, पण ते टिकलं नाही."

"मला हे तिघं आवडले," वहिनी म्हणाल्या. "पण बायको कुठाय?"

"येते हो बायको. मधे हिरे आहेत."

हिरे म्हटल्यावर वहिनींची तक्रार संपली.

"१८७२ च्या आसपासची गोष्ट. फिलिप आर्नल्ड आणि जॉन स्लॅक, केंटकीकडचे दोन चुलतभाऊ, सॅन फ्रान्सिस्कोत कच्च्या हिऱ्यांची पिशवी घेऊन आले. कुठे सापडले ते सांगायचं नाही, तोंड शिवलेलं. बँक ऑफ कॅलिफोर्नियाचा रॅल्स्टन पाघळला. नमुने न्यूयॉर्कला टिफनी या जवाहिऱ्याकडे गेले. टिफनीनं दीड लाख डॉलर किंमत केली. पैलू पाडलेले हिरे ओळखणारा माणूस, कच्च्या खड्यांतलं त्याला कितपत कळणार! मग हेन्री जॅनिन या नावाजलेल्या खाण-इंजिनिअरला आडवळणानं फिरवत त्या जागी नेलं. त्यानंही वा म्हटलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा! कंपनी उभी राहिली, मोठमोठी नावं आत आली."

"आणि दोघा भावांनी पैसे उचलले."

"काही लाख डॉलर. आता किंगची पंचाईत बघा. ती जागा याच्याच पट्ट्यात असण्याची शक्यता. पाच वर्षं सरकारी पैशानं हा प्रदेश मोजला आणि हिरे दिसले नाहीत, असं झालं असतं तर तोंड कुठे दाखवणार? त्याच्या माणसांनी आगगाडीत भेटलेल्या जॅनिनच्या सर्वेक्षकांकडून इकडच्या-तिकडच्या गप्पांतून माहिती काढली. डोंगर कसा होता, बर्फ किती होतं, झाडं होती का. त्यावरून जागा ताडली. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यात. ऐन थंडीत खेचरं घेऊन पोचले तर पहिल्याच दिवशी खडे हाताला लागले. सगळे खूश. रात्री प्रत्येकाला श्रीमंतीची स्वप्नं."

"मग खरेच होते की."

"खडे खरे होते! तीच तर मेख. दुसऱ्या दिवशी किंगचं डोकं चालायला लागलं. हिरे, माणकं, नीलम, पाचू, सगळं एकाच सपाट खडकावर. हे म्हणजे एकाच फांदीला आंबा, फणस आणि नारळ लागावा तसं. मग तो हट्टाला पेटला. जिथली माती विस्कटलेली, तिथेच खडे. हात न लागलेल्या मातीत एकही नाही. ओढ्याच्या पात्रात खणून चाळलं, खरी खाण असती तर वाहून आलेला एखादा तरी सापडायला हवा होता, काही नाही. आणि मुंग्यांची वारुळं! ज्या वारुळात खडा, त्याला बाजूनं काडी खुपसल्याचं भोक. ज्याला भोक नाही त्यात मुंग्या आणि माती. बस."

"काडीनं खुपसलेले!"

"आर्नल्डनं लंडनमधून सुमारे वीस हजार डॉलरचे हलके खडे विकत आणून पेरले होते. किंग घाईघाईनं सॅन फ्रान्सिस्कोला परतला आणि संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, जरा दिवस बोलू नका, आम्हाला आमचे शेअर विकून घेऊ द्या. किंग म्हणाला, नाही. एकही दिवस नाही. मला त्याचं हे फार आवडतं, वहिनी. दुसरा असता तर त्यानं आपला हात धुऊन घेतला असता."

"आणि तो आर्नल्ड?"

"दीड लाख परत देऊन तडजोड केली आणि केंटकीत एलिझाबेथटाउनला बँकवाला झाला. पुढे दुसऱ्या बँकवाल्याशी गोळीबारात जखमी झाला आणि १८७९ साली न्यूमोनियानं गेला. त्याच साली अमेरिकेनं देशभराचं भूगर्भ सर्वेक्षण खातं काढलं आणि त्याचा पहिला संचालक कोण? आपला किंग. दोन वर्षांत राजीनामा. खाणींत पैसा करायचा म्हणे. झाला नाहीच. असो. ते राहू द्या, आता तुमची बायको."

वहिनी आत जाऊन गॅस बंद करून आल्या. मी थांबले.

"एडा कोपलँड. जॉर्जियात जन्मली, तेव्हा गुलामगिरी होती. मोठी झाल्यावर न्यूयॉर्कला मुलं सांभाळायचं काम करत होती. तिथे यांची गाठ पडली, आणि सप्टेंबर १८८८ मध्ये तिच्या आत्याच्या घरी पाद्र्यासमोर लग्न लागलं. नवऱ्यानं नाव सांगितलं जेम्स टॉड, आणि काम, पुलमन गाडीतला पोर्टर."

"त्यात काय एवढं?"

"पुलमन पोर्टर सगळे काळेच असायचे. कंपनीचा नियमच तसा. म्हणजे पोर्टर म्हटलं की न बोलता आपण काळे असल्याचं सांगून झालं."

"निळ्या डोळ्यांचा?"

"त्या देशात पूर्वजांत कुठे एक काळा असला तरी माणूस काळा. मग निळ्या डोळ्यांचं कुणी काय घेऊन बसतो! शिवाय पोर्टर आठवडेच्या आठवडे घरी नसणारच. तिकडे मित्रांना वाटायचं, किंग खाणी बघायला गेलाय. मित्र तरी कोण? इतिहासकार हेन्री ॲडम्स, जॉन हे. जॉन हे म्हणजे आधी लिंकनचे सचिव, पुढे परराष्ट्रमंत्री. त्यांच्या लेखी हा ब्रह्मचारी, क्लबात राहणारा. इकडे ब्रुकलिनमध्ये, मग फ्लशिंगला, पाच मुलं. पहिला तान्हेपणीच गेला."

"मग लग्न उघड का नाही केलं? कायदा आड येत होता का?"

"न्यूयॉर्कात तसा कायदा नव्हता. न्यूपोर्टला आई होती, तिच्या जिवाला सोसलं नसतं म्हणे."

"आईवर ढकलायचं," वहिनी म्हणाल्या. "ती तर त्याच्याच पैशावर असणार. आणि नोकरी गेली असती, मित्र गेले असते, हे नाही का सांगायचं? वारुळातली भोकं दिसतात मेल्याला!"

मी त्याची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, प्रेम होतं हो. पत्रं आहेत त्याची तिला लिहिलेली, जीव ओतलेली. त्या दोन घरांनी तो पार पिळून निघाला होता. १८९३ ला धंदे बुडाले, सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या पिंजऱ्यापाशी मारामारी केली, वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. जॉन हे कर्ज देत राहिले, चित्रं तारण ठेवून. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आपण कुणाचा संसार चालवतोय.

"संसार चालवत होती ती," वहिनी म्हणाल्या. "प्रेम असेल. पण नाव नाही सांगितलं."

"सांगितलं. १९०१ मध्ये. क्षयानं झिजून ॲरिझोनात फिनिक्सला पडला होता, तिथून पत्र लिहिलं, माझं नाव क्लॅरेन्स किंग. चोवीस डिसेंबरला गेला."

वहिनींनी हा तपशील पचवला. "आणि मुलं?"

"तेच तर मला झोप येऊ देईना. दोन्ही मुलींनी गोऱ्यांशी लग्नं केली, गोऱ्या म्हणून. दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले, तिथे कागदावर काळे. एका आईच्या पोटची चार लेकरं."

"त्या बाईला पैसे?"

"किंगनं सांगितलं होतं, तुझ्यासाठी ऐंशी हजार डॉलर गार्डिनरकडे ठेवलेत. हा गार्डिनर म्हणजे तोच कॅलिफोर्नियाला बरोबर गेलेला मित्र. दर महिन्याला थोडी रक्कम यायची. एडाला वाटायचं, आपल्याच ठेवीतली. शेवटी त्या ठेवीसाठी ती कोर्टात गेली; १९३३ मध्ये खटला चालला. तिथे सगळं बाहेर पडलं. ठेव नव्हतीच कधी. इतकी वर्षं पैसे जॉन हेंच्या घरातून यायचे, ते गेल्यावरही. एडा खटला हरली."

"म्हणजे हिरे तिलाही पेरूनच दिले."

मला हे सुचलं नव्हतं. मार्था सँडवाइस या इतिहासकार बाईंनी २००९ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे लोकांना नीट कळलं, एवढंच मी म्हणाले.

"हरल्यावर गेली असेल खचून."

"कुठली खचते! १९६४ पर्यंत जगली, एकशे तीन वर्षांची. त्याच्या मागे बासष्ट वर्षं."

"आणि नाव कुठलं लावायची? टॉड?"

"एडा किंग. कोर्टाच्या कागदांवरही किंगच."

"बरं केलं," वहिनी म्हणाल्या, आणि कढीपत्ता तोडायला वळल्या.