आकडेबहाद्दर

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात रात्री अकरानंतर ज्या क्वार्टरच्या खिडकीत निळा उजेड दिसतो आणि तावदानं थरथरतात, तिथे एक म्युझिक प्रोड्युसर राहतो असं खुशाल समजावं. वय वीस ते सव्वीस, शिक्षण ‘दोन विषय राहिले’, नावाआधी डीजे. वसाहतीच्या कुंपणाशी बिबट फिरतो म्हणून आई त्याला रात्री बाहेर पडू देत नाही. मग त्याची कला घरातच वाढते आणि शेजाऱ्यांच्या भिंतींतून बाहेर पडते.

त्याच्या सेकंडहँड लॅपटॉपच्या पंख्यात कोळशाची पूड बसलेली असते. उन्हाळ्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला गेला की कूलर आधी लॅपटॉपला मिळतो, आजीला नंतर. लॅपटॉप किरकोळ किमतीचा. पण आतल्या सॉफ्टवेअरचा हिशोब मांडला तर बाबांच्या पीएफला हात घालावा लागेल. हिशोब कोणी मांडत नाही, कारण सगळं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट मिळवलेलं.

क्रॅक टाकण्याचा विधी सत्यनारायणापेक्षा कडक असतो. आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग नेट बंद, मग खोलीचं दार. ‘हे व्हायरस आहे’ असं मशीन ओरडलं तरी ढळायचं नाही. मग कीजेन उघडायचा, की त्यातून आपोआप एक टुणटुण धून वाजू लागते. चोरकिल्लीला स्वतःचं पार्श्वसंगीत असलेला हा एकमेव धंदा असावा. ती धून कोणी बांधली ते बहुधा कोणाला माहीत नसतं. आमचा प्रोड्युसर मात्र ती ऐकून गंभीरपणे म्हणतो, “बेस कमी आहे.”

त्याला नीतिमत्ता नाही असं म्हणू नका. उलट जरा जास्तच आहे. पेनड्राइव्हमध्ये क्रॅक भरून शंभर रुपये घेणाऱ्या दुकानदाराला तो चोर म्हणतो. स्वतः मित्रांना फुकट देतो, चहासुद्धा घेत नाही. गायकाचा आवाज न विचारता उचलणं म्हणजे ‘भावानं भावाचं घेतलं’. पण त्याच्या रीमिक्सवर दर वीस सेकंदांनी एक बाई त्याचं नाव घेते, ते कोणी चोरू नये म्हणून. बल्लारपूरच्या कोण्या पोट्ट्यानं ती बाई कापून आपली बाई बसवली, तेव्हा हा दोन दिवस नीट जेवला नाही. “मेहनत असते ना जी, काकाजी!” हे म्हणताना त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

मोठ्यांचे दाखले त्याला पाठ. २०१६ साली रॅपर कान्ये वेस्टनं आपल्या स्क्रीनचा फोटो ट्विटरवर टाकला. त्यात चोरीच्या फाइलींचं पायरेट बे उघडलेलं आणि शोध चाललेला सीरम नावाच्या सिंथेसायझरचा, हे जगानं पाहिलं. डेडमाऊस या संगीतकारानं त्याची यथेच्छ टर उडवली. सीरम बनवणारे काही टाटा-बिर्ला नव्हेत. स्टीव्ह ड्यूडा नावाच्या माणसाची ती छोटी कंपनी. आमच्या प्रोड्युसरनं या प्रकरणातून बोध घेतला तो असा: “कान्येले परवडत नाही, तं मले कुठून परवडन?”

कायदाही त्याला येतो, म्हणजे सोयीचा तेवढा. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवली तर कॉपीराइटचा भंग होत नाही, हे कलम ५२ मधलं पोटकलम तो पोलिसांनाही ऐकवू शकतो. त्याच कायद्यात ६३ब आहे, हे त्याच्या गावी नाही. चोरीचा संगणक प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.

गंमत पुढेच आहे. त्याचे बाबा वीज केंद्रात ऑपरेटर. २९२० मेगावॉटचं केंद्र, इरई धरणाचं पाणी, तीन पाळ्यांत गेलेला जन्म. या गृहस्थांना जगात एकाच माणसाचा संताप येतो: तारेवर आकडा टाकणाऱ्याचा. पेपरात वीजचोरीची बातमी आली की मोठ्यानं वाचतात. एका संध्याकाळी पोरानं त्यांना थेट विचारलं, “बाबा, आकडा टाकला तं तुमचा कोळसा जळते. मी एफएल स्टुडिओची कॉपी केली तं ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बेल्जियमच्या माणसाचं काय जळते?”

प्रश्न चांगला होता. बाबा गप्प बसले. जेवण झालं, बडीशेप झाली, तेव्हा म्हणाले, “कोण्या आकडेवाल्यासाठी मी जास्त कोळसा टाकतो का बे? संच तं चालूच रायते. पण सगळ्यांनीच आकडे टाकले, तं माहा पगार कोण देईन?”

मी स्वतः पोराच्या बाजूला थोडा झुकतो. बेल्जियमच्या त्या एफएल स्टुडिओवाल्यांचं म्हणणं असं की एकदा विकत घ्या, पुढची अपडेट जन्मभर फुकट. पण ‘एकदा’ हाच तर अडथळा. डेमो फुकट मिळतो, पण त्यात जपून ठेवलेलं गाणं पुन्हा उघडता येत नाही. रात्रभर बांधायचं आणि सकाळी विसरायचं. ज्याचा पॉकेटमनीच मोबाईलच्या रिचार्जमध्ये संपतो, त्यानं क्रॅकवर शिकावं याचा मला फार राग येत नाही. ६३ब सुद्धा इथे जरा मवाळ आहे: वापर धंद्यासाठी, कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करून दंडावर सोडू शकतं.

पण मग सुपाऱ्या येतात. १४ एप्रिल, गणपती, १६ ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम लागला की वडसाच्या एखाद्या नाटकमंडळीला टायटल म्युझिक हवं असतं. ॲडव्हान्स येतो, नवे स्पीकर येतात, बुलेटचा हप्ता सुरू होतो. हप्ता चुकवत नाही हो, बँकेच्या बाबतीत एकदम सज्जन! बेल्जियमवाला तेवढा गरिबीच्या खात्यावरच राहतो.

म्हणून मी त्याला रीपर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं सांगितलं. साठ डॉलरचं लायसन्स, आधी साठ दिवस पूर्ण मोकळं. आणि मुदत संपली तरी बंद पडत नाही, फक्त सुरू होताना ‘विकत घ्या’ अशी पाटी दाखवतं. तो बराच वेळ माझ्याकडे संशयानं पाहत राहिला. “क्रॅक न करता चालते? मंग प्रोफेशनल नसन, काकाजी.”

तरी आठवड्याभरात त्यानं ते डाऊनलोड केलं. आवडलंही. फक्त ती पाटी डोळ्यांत खुपते म्हणाला. ती काढायचा क्रॅक शोधून राहिलाय.