रावेरीचा गहू

विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहायला बसलेला माणूस आधी नकाशा काढतो. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला समुद्र, आकाशात तीन चंद्र. एका चंद्राने भागत नाही. तेवढा आपल्याकडेही आहे. मग राजघराण्यांच्या वंशावळी होतात, लिप्या होतात, आणि कथा मात्र सुरू होत नाही. टोल्किनने आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक, हा दाखला अशा वेळी फार सोयीचा पडतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा सराव करणाऱ्याची पंचाईत निराळी. इथला ऐकणारा तीन चंद्रांना हरकतच घेत नाही. तो विचारतो, "जमीन काळी हाये का बरड? कापसाले भाव काय? अन् एकादशी कोणत्या चंद्राची धरता?" आपण गप्प. कारण नकाशात यातले काहीच नसते.

हे प्रश्न विचारायला तो शिकला कुठे? राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतेचे मंदिर आहे, रामाशिवाय. वनवासात सोडलेली सीता इथे बाळंत झाली, तिने गावात गहू मागितले, गावाने दिले नाहीत. तेव्हा ती म्हणाली, तुमच्याकडे गहू होणारच नाही. बरीच वर्षे झालाही नाही, आणि संकरित बियाणे आल्यावर होऊ लागला, असे सांगतात. म्हणजे शापाला पळवाट निघाली, तीही बियाण्याच्या पिशवीतून! आयुष्यभर शेतमालाच्या भावाचा हिशेब मांडणाऱ्या शरद जोशींनी याच मंदिराच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले, हे ओघानेच आले.

जग रचणाऱ्याने इथे वही उघडावी. नियम एका ओळीचा, कारण एका बाईच्या भुकेचे, आणि परिणाम थेट चुलीपर्यंत. जावई आला तर पोळ्या कशाच्या? शेजारच्या गावचा गहूवाला अडलेल्याला काय भाव लावेल? गहू न देणाऱ्या घराला सोयरीक कोण देईल? ड्रॅगन न आणता तीन प्रकरणे झाली.

याच जिल्ह्यातल्या कळंबचा चिंतामणी गणपती जमिनीखाली बसतो. दर बारा वर्षांनी कुंडातले पाणी चढून त्याच्या पायांना लागते आणि ओसरते, अशी श्रद्धा आहे. चमत्कार आहे, पण वेळापत्रकासह. उलट यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे म्हणजे वेळापत्रक असूनही चमत्कार. कापूस वाहायला इंग्रजी कंपनीने टाकलेली ही नॅरोगेज. मँचेस्टरला 1921 साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावले. देश स्वतंत्र झाला तरी रूळ कंपनीचेच राहिले, आणि त्यांचे पैसे मोजावे लागले भारतीय रेल्वेला. कादंबरीत हे लिहिले असते तर संपादकाने समासात लाल शाईने विचारले असते, "पटत नाही. करार कुणी केला?" प्रश्न रास्तच आहे. करार होता, म्हणून तर गाडी पटते.

तेव्हा लढाया सावकाश ठरवाव्यात. आधी आठवडी बाजाराचा वार ठरवावा, आणि त्या बाजारात कुणाची उधारी कुणाकडे थकली आहे ते. उधारी थकलेला माणूस कोणत्याही ग्रहावर असो, तो कथेला बसू देत नाही.