तेरची माहेरवाशीण

तेरला गोरोबाकाकांचं दर्शन झालं की बहुतेकांची पावलं परतीच्या गाडीकडे वळतात. त्यातूनही कुणी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात डोकावलंच, तर काचेआड एक चिमुकली हस्तिदंती बाई भेटते. अंगावर दागिने असे, की कुणा वरमाईनेही आपले लपवावेत. तिच्याच तोंडवळ्याची, तिच्याहून थोराड अशी एक बहीण १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या उत्खननात निघाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ते शहर गडप झालं, म्हणजे ही त्याआधीच तिकडे नांदत असणार. भोकरदनलाही अशाच मूर्तीचा तुकडा सापडला आहे. तेव्हा तिचं नेमकं माहेर कोणतं, हा वाद विद्वानांनी घालावा; मी आपला मनातल्या मनात तेरच्या बाजूने साडीचोळी घेऊन उभा आहे.

मला कुतूहल वेगळंच. त्या अनोळखी गल्लीत हिच्याशी पहिल्यांदा बोललं कोण? 'कुठली गं तू?' या प्रश्नाला तिने काय सांगितलं असेल? तेर म्हणजे त्या काळचं तगर. 'पेरिप्लस' या जुन्या सागरी वाटाड्या-पोथीचा ग्रीक लेखक ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगतो. तिथलं कापड, मलमल गाड्यांत भरून आडवाटेने भरूचच्या बंदरात जायचं. तेव्हा बाई 'भरूचजवळची' म्हणून मोकळी झाली असेल. जर्मनीत संसार मांडलेली माझी धाराशिवची मावसबहीणही सुरुवातीला 'मुंबईजवळची' म्हणायची. धाराशिव आणि मुंबई यांच्यामधली रात्रभराची एसटी ती एका घोटात गिळून टाकायची. परमुलखात खरं गाव सांगायलाही आधी थोडी ओळख लागते.

आणि ती ओळख रूपागुणांनी होत नाही. पाँपेईच्या त्या सुंदरीच्या डोक्यात वरून भोक पाडलेलं आहे. कुणी म्हणतं ती आरशाची मूठ, कुणी म्हणतं एखाद्या चौरंगाचा पाय. एवढा समुद्र ओलांडून गेली आणि कामाला लागली! वाचून आधी वाईट वाटलं. मग बहिणीची गोष्ट आठवली. तान्हं मूल घेऊन ती दिवसभर घरी. शेजारी जिन्यात मान लववत आणि दार लावून घेत. मात्र पार्सलवाल्याला शोध लागला, की या इमारतीत भर दुपारी दार उघडणारी एक बाई आहे. हळूहळू साऱ्या बिऱ्हाडांची खोकी तिच्या दारात विसावू लागली आणि संध्याकाळी एकेक मालक जिना चढून येऊ लागला. खोकं उचलता उचलता बाळाचं नाव विचारलं गेलं, मग वय, मग दात. तळमजल्यावरच्या एकट्या आजोबांना तिने एकदा शेंगाची चटणी दिली. ती पावावर जाडसर माखून त्यांनी खाल्ली, लालबुंद झाले, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी घासलेली वाटी घेऊन दारात हजर. रिकामी वाटी परत करू नये, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरी तीत चार अक्रोड होते.

तिथून पुढे त्या घरात धाराशिव उजळ माथ्याने नांदू लागलं. तुळजापूरचं कुंकू, कुंथलगिरीचा पेढा, साऱ्याची चौकशी झाली. आता म्हणे आजोबांना कुणी मुंबईचा माणूस भेटला की ते जाणकारासारखी मान हलवून विचारतात, 'मुंबई म्हणजे... धाराशिवजवळच ना?'