पोहणं, सायकल, पळणं आणि चर्चा

ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि मग पळायचं. या खेळात मुरलेली माणसं चौथा प्रकारही मोजतात. पाण्यातून धापा टाकत येऊन सायकलवर बसेपर्यंत आणि सायकल ठेवून पळायचे बूट चढवेपर्यंत जो वेळ जातो, त्याला ती ट्रान्झिशन म्हणतात आणि त्याचाही सराव करतात. माझा या मंडळींशी संबंध रविवारी सकाळी त्यांच्या राईडनंतरच्या चहापुरता. ती सिंहगड पायथ्याहून येतात, मी घरून चालत येतो. तेवढ्या अधिकारावर माझं मत असं की, त्यांच्या खेळातला सर्वांत लांब पल्ल्याचा प्रकार चर्चा हा आहे. तो पाण्यात पाय घालण्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होतो, त्याला वेळेची मर्यादा नसते आणि तो अर्धवट सोडून गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

यात त्यांचा दोष नाही. या खेळातली आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची शर्यत जन्मलीच मुळी चर्चेतून. १९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पळण्याच्या एका शर्यतीचा बक्षीस समारंभ चालला होता. तिथे वाद निघाला, की जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारे की पळणारे? जॉन कॉलिन्स नावाचे अमेरिकी नौदलातले अधिकारी मध्ये पडले. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता आजवर सर्वाधिक मोजली गेली ती बेल्जियमच्या एडी मर्क्सची आणि तो तर सायकलवाला, तेव्हा तुम्ही दोघंही बसा, असा त्यांचा मुद्दा. इथवर सगळं आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे असा वाद पानाच्या गादीपर्यंत चालतो आणि तिथून जो तो आपापल्या घरी जातो. कॉलिन्स यांनी मात्र निकाल लावायचा ठरवलं. बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन गोष्टी त्यांनी एकाच दिवसात बसवल्या : वायकिकीच्या समुद्रातलं ३.८ किलोमीटरचं पोहणं, बेटाला सायकलवरून प्रदक्षिणा आणि होनोलुलूची मॅरेथॉन. प्रदक्षिणा ११५ मैलांची होती आणि लोक ती दोन दिवसांत करत. कॉलिन्स यांनी तीन मैल छाटले, कारण मग सायकल मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेपाशीच येऊन थांबत होती. उरले ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर. या आकड्यासाठी आज जगभर माणसं पहाटे उठतात, कर्ज काढून सायकली घेतात आणि पोटरीवर गोंदवून घेतात. त्यामागचं शास्त्र हे एवढंच.

१८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण निघाले, बारा पोचले. पहिला आला गॉर्डन हॉलर, पावणेबारा तासांच्या किंचित वर. दुसरा आलेला जॉन डनबार बराच काळ पुढे होता. पण त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. खुद्द कॉलिन्स यांना लागले सतरा तास आणि अडतीस सेकंद. आज पूर्ण अंतराच्या शर्यतीला सर्वसाधारण मर्यादा सतरा तासांची आहे. म्हणजे ज्या माणसाने हे सगळं सुरू केलं, तो आजच्या नियमाने अडतीस सेकंदांसाठी बाद! हा तपशील मी चहावर सांगितला तेव्हा क्षणभर शांतता पसरली आणि मग त्याने सायकलवर किती वेळ घालवला असेल यावर अर्धा तास चर्चा झाली.

आमच्या टेबलाने सर्वांत जोरात गाजवलेला विषय म्हणजे गोवा. २०१५ मध्ये मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्युरिकची पूर्ण आयर्नमॅन केली आणि हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. तरी तोपर्यंत हे प्रकरण परदेशातलं होतं. व्हिसा, सायकल सुटी करून खोक्यात भरणं, विमान कंपनीशी सामानावरून हुज्जत, असं सगळं त्याला चिकटलेलं. मग जाहीर झालं की, या नावाची भारतातली पहिली शर्यत पणजीत, मिरामारच्या किनाऱ्यावर होणार. तारीख २० ऑक्टोबर २०१९. पोहणं १.९ किलोमीटर, सायकल ९०, पळणं २१.१. बेरीज ११३. याला ही मंडळी 'हाफ' म्हणतात. 'हाफच आहे,' असं एक डॉक्टर मला धीर देण्याच्या सुरात म्हणाले, तेव्हा ही अर्धी म्हणजे पुणे सोडून साताऱ्यापर्यंत जाऊन वर उरते हे मी मनात ठेवलं.

आता तोलणं सुरू झालं. पहिला मुद्दा पाणी. पुण्यातल्या माणसाचं पोहणं पंचवीस मीटरच्या टाकीत घडतं. १.९ किलोमीटर म्हणजे त्या टाकीच्या ७६ लांब्या, दर लांबीनंतर हाताला भिंत लागते आणि तळाला काळी रेघ असते. समुद्रात भिंत नाही आणि रेघही नाही. सरळ पोहतो आहोत या समजुतीत माणूस दोना पावलाच्या दिशेला लागू शकतो. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात होणाऱ्या समुद्री जलतरण स्पर्धेत पोहून आलेले एक सीए होते, त्यांना अचानक फार मान मिळू लागला. लोक त्यांना प्राप्तिकराऐवजी जेलीफिशबद्दल विचारू लागले.

त्यातून वेटसूटचा प्रश्न निघाला. हा रबरी अंगरखा थंडीपासून वाचवतो हे खरं, पण तो माणसाला तरंगवतोही, आणि ज्याला पोहण्याची धास्ती आहे त्याचं प्रेम या दुसऱ्या गुणावर असतं. नियम असा की, पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच हौशी स्पर्धकांना त्याची पूर्ण मुभा. ऑक्टोबरातला गोव्याचा समुद्र त्याहून बराच कोमट. झालं. टेबलावरचे निम्मे चेहरे उतरले. तेव्हा कोणीतरी आठवण काढली की, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बसल्टनच्या शर्यतीत शार्क दिसला म्हणून पोहणंच रद्द केलं होतं. २०१८ मध्ये हॅम्बुर्गला पाण्यात विषारी शेवाळ वाढलं, तर पोहण्याऐवजी सहा किलोमीटर पळवलं होतं. पोहण्याला बिचकणारी माणसं या दोन शर्यतींबद्दल फार हळव्या आवाजात बोलतात. देवाकडे शार्क मागायचा नसतो एवढं भान त्यांना आहे, पण शेवाळाला त्यांची हरकत दिसली नाही.

सायकलच्या रस्त्याबद्दल फार बोलायला नको. चढ किती, खड्डे किती, स्पीडब्रेकर काढणार का, गाई आवरणार कोण, हे प्रश्न महाराष्ट्रातल्या माणसाला सुचतातच.

खरी गंमत पहिलेपणाची. नवी शर्यत हे नव्याने आलेलं स्थळ असतं. त्या घरात आधी कोणी मुलगी दिलेली नाही, त्यामुळे चौकशी करायची कोणाकडे? फोटो सुरेख आहेत, पण फोटो काय, सगळ्यांचेच सुरेख असतात. चढउतारांचा आलेख मागवून तो पत्रिकेसारखा उलटसुलट पाहिला जातो आणि प्रत्येकाला त्यात वेगळा मंगळ दिसतो. यावरून टेबलावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, पहिल्या वर्षी जाऊ नये. पाण्याचे स्टॉल कुठे लागतील, वाहतूक खरंच थांबेल का, अंतर नीट मोजलं असेल का, हे आयोजकांनाही पहिल्या वर्षी कळत असतं. आपण त्यांचा सराव का व्हावं? दुसरा पक्ष म्हणे, जायचं तर पहिल्याच वर्षी. पुढे दरवर्षी हजारो लोक जातील, पण 'मी पहिल्या वर्षी होतो' हे वाक्य पुन्हा विकत मिळणार नाही. माझा कल दुसऱ्यांकडे होता. एक तर मला पोहायचं नव्हतं. शिवाय ज्या गोष्टीची फुशारकी आयुष्यभर मारता येते तिला थोडी गैरसोय असावीच लागते. होनोलुलूच्या त्या पंधरा जणांना पाण्याचा स्टॉलसुद्धा नव्हता, आणि आज त्यांची नावं लोकांना पाठ आहेत.

मग आलं पंचांग. ऑक्टोबरची शर्यत म्हणजे सराव जूनपासून, आणि जूनपासून पुण्यात काय असतं ते सांगायला नको. भर पावसात खडकवासल्याच्या रस्त्यावर डोक्यावर दिवे लावून सायकली चालवणारी माणसं दिसली तर ती शेतकरीही नसतात आणि वारकरीही नसतात. ज्यांना घरच्यांनी बाहेर सोडलं नाही त्यांनी सायकलचं मागचं चाक ट्रेनरवर चढवून ती दिवाणखान्यात हाकली. तीन तास सायकल जागची हलत नाही, खाली सतरंजीवर घामाचं तळं होतं आणि समोर टीव्हीवर सासूबाईंना मालिका पाहायची असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला गणपती. दहा दिवस रस्ते बंद आणि मोदक चालू. 'हाफच आहे' म्हणणारे ते डॉक्टर जेल आणि इलेक्ट्रोलाइटचं कोष्टक बनवत; त्यांनी उकडीच्या मोदकाचं कर्बोदकांत रूपांतर करून एक हिशोब मांडला होता. त्यात तूप धरलं नव्हतं.

पुढचा पेच सर्वांत अवघड. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं, म्हणजे शर्यतीनंतर बरोबर आठवड्याने. शर्यतीच्या आधीच्या काही दिवसांत सराव हळूहळू कमी करायचा असतो, भूक मात्र कमी होत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात चकल्या तळल्या जातात. शिवाय साफसफाई. 'मला या आठवड्यात पायांना विश्रांती द्यायची आहे,' हे वाक्य माळ्यावरचे डबे काढायच्या दिवशी उच्चारण्याचं धैर्य ११३ किलोमीटर जाण्याच्या धैर्यापेक्षा वेगळं असतं. त्यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. मतदान २१ ऑक्टोबरला, सोमवारी. रविवारी पणजीत शर्यत, दुसऱ्या दिवशी पुण्यात मतदान! सरकारी नोकरीतल्या काहींना तर निवडणुकीची ड्युटी लागली आणि त्यांची महिनोन्‌महिन्यांची चर्चा एका आदेशाने निकाली निघाली. बाकीच्यांनी सायकली गाडीवर लादून रातोरात परत यायचं ठरवलं. कोल्हापूरच्या पुढे कोणीच बोलेना, असं नंतर कळलं. त्यांच्या बाबतीत ते गंभीर लक्षण आहे. बोटाला शाई लावून घेताना त्यातल्या एकाला खुर्चीवरून उठायला केंद्रावरच्या हवालदाराने हात दिला म्हणे.

घरच्यांचं मन वळवायला गोवा सोपा, असा सगळ्यांचा समज होता. 'तुम्ही समुद्रावर बसा, मासे खा, मी तेवढ्यात येतो.' ज्यांची पत्नी या नादाची आहे ते नवरेही हेच ऐकत होते, फक्त मासे त्यांना स्वतः शोधायचे होते. पण घरचे प्रश्न साधे असतात आणि साध्या प्रश्नांना एलेव्हेशनचा आलेख चालत नाही. गोव्याला जाऊन पहाटे चारला उठायचं? एवढं पळून झाल्यावर पैसे ते देणार की आपण? आपण दिले ते परत मिळतात का? शेवटच्या प्रश्नावर टेबलावर एकदम एकमत होतं. नाही मिळत.

फीचे पैसे परत मिळत नाहीत ही गोष्ट या सगळ्या चर्चेला धार आणते असं वाटेल, पण तसं नसतं. मी नीट पाहिलं आहे. ज्याला जायचं असतं त्याचं पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. पुढची तुलना, आक्षेप, हवामानाचे तक्ते, सगळं नंतर येतं. पहिल्या वर्षी जाऊ नये म्हणणाऱ्या पक्षाचे पुढारी शर्यत जाहीर झाली त्या रात्रीच नाव घालून बसले होते. त्यांना मी विचारलं, मग इतके आठवडे विरोध कशाला? ते म्हणाले, 'दुसरी बाजू कोणीतरी मांडायला नको?' मला ते पटलं. कित्येक महिने पहाटे एकट्याने पाय मारायचे असतात. त्यातली जी काही सोबत मिळते ती चहाच्या टेबलावर, आणि तिथे सगळेच 'हो' म्हणाले तर सोबत दहा मिनिटांत आटोपेल.

ती पहिली शर्यत झाली. पुरुषांत पहिला आला भारतीय सैन्यदलातला बिश्वर्जित सैखोम. आमच्या टेबलावरून गेलेले सगळे साडेआठ तासांच्या आत पोचले आणि त्यांनी लगेच पुढच्या वर्षीचा विषय काढला. पण पुढची दोन वर्षं करोनाने खाल्ली. २०२२ मध्ये गोव्याची शर्यत परतली ती नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर, आणि घरोघरी तिचं स्वागत झालं. २०२४ मध्ये ती पुन्हा दिवाळीच्या तोंडावर आली, २७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी.

तेव्हा तुमच्या घरात यातलं कोणी असेल आणि एखादी नवी शर्यत जाहीर झाली, तर निदान पहिला आठवडा तुम्ही काही बोलू नका. जायचं की नाही हे तुम्हाला विचारलं जाईल, पण ती चर्चा असते. तुम्ही फक्त तारीख विचारून घ्या, कॅलेंडरवर दिवाळी कधी आहे ते बघा, आणि माळ्यावरचे डबे आधीच काढून घ्या.