मूळपुरुष

पुण्यात, दादरला किंवा डोंबिवलीत गाण्याचा कार्यक्रम असला की चौथ्या-पाचव्या रांगेत एक गृहस्थ हमखास सापडतात. झब्बा, मांडीवर शबनम, कान टवकारलेले. दोन ओळी होतात न होतात तोच ते शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "चाल ढापलेली आहे." गायिका समेवर येते, सभागृह 'वा' म्हणतं, आणि शेजारी बिचारा तेवढ्यात मूळ बंदिशीची वंशावळ ऐकत असतो. आम्ही त्यांना मूळपुरुष म्हणतो.

शबनममध्ये वही असते. मधोमध उभी रेघ, रकाने दोन : 'माल' आणि 'मालक'. सलील चौधरींनी 'छाया'त (१९६१) मोझार्टची चाळिसावी सिंफनी आणली, ही नोंद लाल शाईत. 'ती फुलराणी'समोर शॉचं 'पिग्मॅलियन'. पुढे कुणीतरी सांगितलं की शॉच्या नाटकाचं नावसुद्धा ओव्हिडच्या कथेतलं. तेव्हा रकान्यात जागा उरली नव्हती, म्हणून डिंकाने चिठ्ठी डकवली आहे. तिच्याखाली आणखी एक चिठ्ठी मावेल एवढी कोरी जागा त्यांनी धोरणाने सोडली आहे.

संगीत नाटक म्हणजे तर त्यांची हक्काची शिकार. "'सौभद्र' १८८२चं. चाली कुठल्या? कीर्तनातल्या, कानडी पदांच्या!" हे ते गुपित फोडल्यासारखं सांगतात. अहो, त्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द चक्क छापलेले असत. पावतीसकट घेतलेला माल चोरीचा कसा? भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'ला (१९१६) बंदिशींवरून चाली दिल्या, म्हणून तर मैफलीची पायरी न चढलेली माणसंही ती पदं गुणगुणू लागली.

एकदा त्यांनी कालिदासालाच धरलं. "शाकुंतल? सरळ महाभारतातून!" मी म्हटलं, काका, महाभारतात दुर्वासाचा शाप नाही आणि हरवलेली अंगठीही नाही. तिथल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं. तरी भर दरबारात तो शकुंतलेला ओळख देत नाही. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली आणि एका खोटारड्या राजाचा विसरलेला प्रियकर केला. हे कुठल्या रकान्यात लिहाल?

काकांनी वही उघडली, मिटली. "रकाने दोनच आहेत," म्हणाले.

घरी काकू कालच्या पोळ्यांची फोडणीची पोळी करतात. ती खाताना "मूळ पोळी कालची" असं ते म्हणाल्याचं ऐकिवात नाही. उलट, वर लिंबू पिळून मागतात.

माणूस वाईट नाही. कान तयार आहे, स्मरणशक्ती दांडगी आहे, आणि दहापैकी आठ वेळा त्यांचं म्हणणं बरोबरही निघतं. चाल कुठून आली ते त्यांना नेमकं कळतं. गायिकेने तिचं काय केलं, हे ऐकायला मात्र ते तेव्हा मोकळे नसतात. तेव्हा तिकीट काढताना चौथी-पाचवी रांग टाळा. फारच इलाज नसेल तर मध्यंतरात त्यांना गाठा, चहा पाजा आणि सगळी वंशावळ तिथेच ऐकून घ्या.