निळ्या बाटल्यांचा मानकरी

‘डायब्लो मी अकराव्या वर्षी संपवलाय,’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वापरलंय, की आता फक्त बायोडेटात घालायचं राहिलंय. ऑफिसातली पंचविशीची पोरं नव्या गेमबद्दल बोलू लागली, की मी चहाचा कप खाली ठेवतो, ‘आमच्या वेळी...’ एवढंच म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. पुढचं त्यांनी समजून घ्यायचं असतं.

घटना खरी आहे. १९९८ची दिवाळीची सुट्टी, सांगलीला आत्याचं घर. आतल्या खोलीत पेंटियम. त्याला आत्यानं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण आणि खोलीत जायचं तर पाय धुऊन, अशी शिस्त. आतेभाऊ, म्हणजे दादा, अकरावीत. त्यानं मित्राकडून डायब्लोची सीडी मिळवली होती. गेम १९९६ सरता सरता अमेरिकेत बाहेर आला, तो दोन वर्षांत सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत पोचला. आम्ही कामं वाटून घेतली होती. माउस दादाकडे, कीबोर्ड माझ्याकडे. स्क्रीनच्या तळाशी हीरोच्या पट्ट्यात आठ बाटल्या असतात. एक ते आठ आकडे दाबले, की तो त्या पितो. ते खातं माझं. दादा लढायचा, मी पाजायचो. चकलीचा चुरा कीबोर्डात सांडत सोळाच्या सोळा मजले आम्ही उतरलो आणि तळाशी बसलेल्या सैतानाला मारलं. आम्ही म्हणजे आम्ही दोघांनी.

चाळिशीला टेकलो आणि घरात नवा लॅपटॉप आला, तेव्हा लेकीला हे वैभव दाखवायचं ठरवलं. तिची वार्षिक परीक्षा आटोपली होती आणि माझी रजा शिल्लक होती.

खरं तर हा दुसरा प्रयत्न. पहिला विंडोज ७च्या काळातला. तेव्हा गेम सुरू झाला, पण गवत जांभळं, चर्च पोपटी आणि हीरोला कावीळ. हा गेम २५६ रंगांचा आणि त्या रंगांची तबकडी विंडोज मधेच पळवत होती. त्यावर जाणत्यांचा उतारा होता, की टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करायचा. मी केला. रंग सुधारले; फक्त गेममधून बाहेर आलो तेव्हा डेस्कटॉप नव्हता. आयकॉन नाहीत, खालची पट्टी नाही, बायकोनं आवरत आणलेली पाहुण्यांची यादी नाही. सगळं परत येईपर्यंत बायको माझ्यामागे उभी होती. एक अक्षर बोलली नाही.

या वेळी अडचण वेगळी. लॅपटॉपला सीडीची फटच नाही. ती जोडणारा डबा विकत आणला आणि सीडी शोधायला लागलो. दादानं मला कधीच देऊन टाकलेली ती सीडी आईनं कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगली होती. कबुतरं तिच्यावर बसत नव्हती, एवढंच तिचं यश. बाकीचं त्यांनी वरून केलं होतं.

शेवटी गेम पुन्हा विकत घेतला. २०१९पासून तो जीओजी या ऑनलाइन दुकानात रीतसर मिळतो. शिवाय हौशी मंडळींनी मूळ प्रोग्रॅमचा टाका अन् टाका उसवून पुन्हा शिवलेलं डेव्हिल्यूशनएक्स म्हणून एक प्रकरण आहे. त्यात मूळ गेमची सुमारे ५०० एमबीची फाइल नेऊन ठेवली, की तो आजच्या मशीनवर विनातक्रार चालतो. चाललाही. आता गप्प बसून खेळावं की नाही? पण स्क्रीनला एवढे पैसे मोजलेले. मूळ चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं, माझा स्क्रीन ३८४० गुणिले २१६०चा. म्हणजे सत्तावीस पट. मी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं.

गेममधलं त्रिस्ट्रम गाव अख्खं दिसू लागलं. विमानातून दिसावं तसं. बाटल्यांचा पट्टा काडेपेटीवरच्या छापाएवढा.

“बाबा, ही मुंगी कोण?” लेकीनं विचारलं.

“हा आपला हीरो.”

“आणि तो?”

“तो झाड आहे.”

आकडा निमूट खाली आणला. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, की या गेममध्ये धावता येत नाही. चौकातून नदीपलीकडच्या अड्रिया चेटकिणीच्या झोपडीकडे निघालं, की माणूस वऱ्हाडी जेवून शतपावलीला निघाल्यासारखा चालतो. अकराव्या वर्षी हे कधी खटकलं नव्हतं. आता मी एकदा क्लिक करून गॅसवर दूध ठेवून आलो, तरी तो पुलावरच. मग वर्टकडे गेलो. लाकडी पायाचं हे पोर नुसता माल दाखवायचे पन्नास मोहरा घेतं. घ्यायचं-नाही घ्यायचं नंतर. लक्ष्मी रोडवर कुणी साडी उलगडायचे पैसे मागितले असते, तर दुकानाच्या पाटीचं काय झालं असतं, असा विचार करत मी पन्नास मोहरा दिल्या. आवडलं नाही. पैसे गेले.

“आता बघ,” चर्चमध्ये उतरताना मी लेकीला म्हणालो, “मला इथला कोपरा न् कोपरा पाठ आहे. हा जिना उतरला की डावीकडे एक दार.” डावीकडे भिंत होती. “उजवीकडे असेल.” उजवीकडेही भिंत. दर नव्या खेळाला हा गेम तळघरं नव्यानं मांडतो, हे त्याचं सर्वांत मोठं कौतुक. त्या काळच्या प्रत्येक लेखात छापून आलेलं. मीच ते ऑफिसात चारदा सांगितलंय. लेक काही म्हणाली नाही, पण तिची नजर आईवर गेलेली आहे.

दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत खाटीक बसलेला असतो. रक्तानं माखलेली फरशी, टांगलेली प्रेतं. आणि दार उघडताच तो ताजं मटण आल्याचं मोठ्यानं, आनंदानं जाहीर करतो. मी तयारीत होतो. पेपिन वैद्याकडून पन्नास-पन्नास मोहरांना लाल बाटल्या घेऊन पट्टा भरला होता. दार उघडलं. खाटीक धावत आला. (त्याला धावता येतं.) आणि माझा डावा हात सत्तावीस वर्षांनी आपोआप जागेवर गेला. एक, दोन, तीन, चार. काय ती सफाई! पाच, सहा, सात, आठ. आठही बाटल्या संपल्या, हीरो कोसळला, आणि खाटकाच्या अंगावर ओरखडा नव्हता.

“बाबा,” लेक म्हणाली, “तू तलवार कधी मारणार होतास?”

उजवा हात माउसवर होता. नुसता होता, देवळात घंटेखाली उभं राहावं आणि वाजवू नये, तसा.

त्या रात्री दादाला फोन केला. तो आता सांगलीतच दातांचा डॉक्टर आहे.

“दादा, खाटकाला आपण कसं मारलं होतं रे?”

“आपण?” दादा म्हणाला.

“म्हणजे तू मारायचास, मी बाटल्या पाजायचो.”

फोनवर जरा वेळ शांतता. मग तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, तेव्हा वहिनीनं पाणी दिल्याचं ऐकू आलं.

“अरे बाळ्या, तू पहिल्या दिवशी काय केलंस आठवतं का? एक डास चावल्याएवढं रक्त गेलं, की धाडदिशी बाटली. अर्ध्या तासात सगळा साठा साफ. मग मी पट्ट्यात निळ्या भरल्या.”

“निळ्या?”

“मंत्रशक्तीच्या. आपला गडी तलवारवाला, त्याला त्यांचा काय उपयोग? वाटेत ढिगानं सापडायच्या. लाल मी थैलीत ठेवायचो आणि माउसनं पाजायचो.”

“पण दाबलं की घोट घेतल्याचा आवाज यायचा!”

“यायचाच. पीत होता ना तो.” आणि मग, डॉक्टरी आवाजात: “क्लिनिकमध्ये लहान पोरं खुर्चीत बसली, की मी त्यांच्या हातात आरसा देतो. हात गुंतून राहतात, मधे येत नाहीत.”

म्हणजे एक अख्खी दिवाळी मी एका योद्ध्याला पाणी पाजत होतो आणि त्या भांडवलावर सत्तावीस वर्षं ऑफिसात खिडकीबाहेर बघत होतो.

झोप येईना, म्हणून या गेमचा इतिहास मनात घोळवत पडलो. कर्ता डेव्हिड ब्रेविक. कॅलिफोर्नियात तो राहायचा तिथल्या माउंट डायब्लोवरून त्यानं नाव घेतलं. सुरुवातीला गेम पाळीपाळीनं खेळायचा होता: आधी तुम्ही एक चाल करा, मग राक्षस करेल. ब्लिझर्ड कंपनीनं आग्रह धरला, की सगळं सलग घडू द्या. ब्रेविक आधी राजी नव्हता. मग त्यानंच बसून काही तासांत तो बदल केला आणि पुढचा इतिहास घडला. जाणकार याला क्रांती म्हणतात. मला एवढंच दिसलं, की मूळ बेत टिकला असता, तर सांगलीत कधीतरी माझीही पाळी आली असती.

सकाळी उठलो, तर लेक लॅपटॉपसमोर. माउस तिच्या हातात. खाटकाची खोली तिनं पुन्हा शोधली होती आणि दाराबाहेर थांबली होती.

“बाबा, चल. तू बाटल्या पाज.”

मी शेजारी स्टूल ओढलं. पट्ट्यात तिनं आठ लाल भरल्या होत्या. विश्वासानं.

“लाल तू थैलीत ठेव,” मी म्हणालो. “पट्ट्यात निळ्या भर.”

“त्यांनी काय होतं?”

“त्या फार महत्त्वाच्या असतात.”

खाटीक अजून पडलेला नाही. सहा वेळा आमचाच गडी पडलाय. पण एक ते आठ आकड्यांच्या बाजूनं आजवर एकही चूक झालेली नाही.